श्रमदान, वारसा आणि आपला खानदेश



आंतरराष्ट्रीय युवक शिबिर हे शब्द आता आपल्या भागाला अपरिचित राहिलेले नाहीत. जळगावजवळील जैन हिल्सवर २५ मार्च २०१२ रोजी गांधी तीर्थ ह्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि देशविदेशातील तरुण मुलेमुली तेथे अभ्यासासाठी व शिबिरांसाठी येऊ लागली. अशा शिबिरांचा दिनक्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पहाटे उठणे, सामुदायिक प्रार्थना, दोन-तीन तास श्रमदान, दुपारी व्याख्यान किंवा चर्चा, सायंकाळी गाणी आणि खेळ. ह्यांतील एक दिवस पुष्कळदा पर्यावरण आणि वारसा ह्या दोन गोष्टींसाठी राखून ठेवतात. त्या दिवशी सकाळी शिबिरार्थी झाडे लावतात, तळ्याकाठचा कचरा उचलतात, बंधाऱ्यातील गाळ काढतात; आणि दुपारनंतर जवळच्या एखाद्या गडावर, लेण्यात किंवा जुन्या इमारतीत जाऊन तेथील इतिहास समजावून घेतात.

आपल्यापैकी पुष्कळांना हा दिवस म्हणजे सहलीचा दिवस वाटतो. 'मुलांचा एक दिवस अभ्यास बुडाला, दुसरे काय?' असे म्हणणारे पालक मला भेटतात. आणि मुलीचा प्रश्न असेल तर परवानगी त्याहून अवघड होते. म्हणून ह्या लेखात मी दोन गोष्टी सांगणार आहे. श्रमदान व वारसा ह्यांना एकत्र जोडणारा हा दिवस कोठून आला, ही पहिली. आणि दुसरी अशी की, ज्या गोष्टीचे धडे घेण्यासाठी जगभरचे तरुण शिबिरांत जातात, ती गोष्ट आपल्या खानदेशात शेकडो वर्षे नित्याचे काम म्हणून चालत आलेली आहे. पाहुणे एक दिवस येतात आणि जातात. गाव, नदी आणि घुमट मात्र आपल्या स्वाधीन राहतात.

शिबिराची कल्पना कोठून आली?

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले, तेव्हा फ्रान्समधील व्हर्दन ह्या शहराभोवतीची गावेच्या गावे तोफांच्या माऱ्याने जमीनदोस्त झाली होती. पिएर सेरेझोल नावाच्या एका स्विस अभियंत्याने १९२० साली निरनिराळ्या देशांतील मूठभर माणसे जमविली आणि एन ह्या उद्ध्वस्त गावात ढिगारे उपसण्याचे व घरे उभारण्याचे काम सुरू केले. त्या तुकडीत जर्मन स्वयंसेवकही होते. कालचा शत्रू आज आपल्या गावात फावडे घेऊन आलेला पाहणे लोकांना सोपे गेले नाही. विरोध झाला आणि काही महिन्यांत काम थांबवावे लागले. परंतु त्यातून निघालेली आंतरराष्ट्रीय सेवेची चळवळ टिकली. भाषणांनी जे होत नाही ते कधी कधी एकत्र घाम गाळल्याने होते, हे त्या थोड्या लोकांनी दाखवून दिले.

हाच सेरेझोल पुढे भारतात आला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य चालू होते. सेरेझोल आपल्या काही सहकाऱ्यांसह त्यात सामील झाला आणि १९३७ पर्यंत उत्तर बिहारमधील गावे पुन्हा वसविण्याच्या कामात राबला. आपल्या देशातील आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांच्या इतिहासाची सुरुवात येथून करावी लागते.

आपल्या खानदेशचाही ह्या इतिहासात एक धागा आहे. यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या इच्छेनुसार शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस ह्यांनी बांबू, चटया अशा खेड्यात सहज मिळणाऱ्या साहित्यातून अधिवेशनाच्या नगराची सजावट केली. अधिवेशन यशस्वी व्हावे म्हणून राबणाऱ्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकविणाऱ्या ह्याच गुरुजींनी पुढे आंतरभारतीचे स्वप्न मांडले. एका प्रांतातील तरुणांनी दुसऱ्या प्रांतात जावे, तेथील भाषा शिकावी, तेथील माणसांना ओळखावे, हा त्याचा गाभा होता.

स्वातंत्र्यानंतर ही कल्पना अधिक पसरली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. महाविद्यालयातील मुलांची दहा दिवसांची, सात दिवसांची जी शिबिरे आपण खेड्यांत पाहतो, ती ह्या योजनेची. १९७० साली डॉ. एस. एन. सुब्बराव ह्यांनी राष्ट्रीय युवा योजना सुरू केली. 'भाईजी' म्हणून ओळखले जाणारे सुब्बराव २०२१ साली निधन पावले, तोपर्यंत देशाच्या कानाकोपऱ्यांत त्यांनी शिबिरे घेतली. सकाळी श्रमदान आणि सायंकाळी सर्वधर्म प्रार्थना, हे त्यांच्या शिबिरांचे ठरलेले रूप होते.

झाड आणि घुमट एकाच दिवशी का?

आता कोणी विचारील, झाडे लावणे आणि जुनी इमारत पाहणे ह्या दोन निराळ्या गोष्टी एकाच दिवशी कशासाठी? ह्याचे उत्तर समजण्यासाठी १९७२ हे साल लक्षात ठेवावे. त्या वर्षी जूनमध्ये स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला युनेस्कोने जागतिक वारसा करार संमत केला. ह्या कराराचे वैशिष्ट्य असे की, निसर्गाचा वारसा आणि माणसाने निर्माण केलेला वारसा ह्या दोहोंना त्याने एकाच छत्राखाली आणले. पुढे २००८ पासून युनेस्कोने जागतिक वारसा स्वयंसेवक ही मोहीम चालविली. तिच्यात तरुणांची पथके अशा स्थळी जाऊन प्रत्यक्ष काम करतात.

१९७२ हे साल आपल्या घरातील बुजुर्गांना दुसऱ्या कारणाने आठवते. त्या वर्षी महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. हजारो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. परदेशात पर्यावरण हा चर्चेचा विषय होत होता, तेव्हा आपल्याकडे तो डोक्यावरच्या पाटीचा विषय झाला होता.

आपल्या राज्यघटनेनेही ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली. त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन करावे असे एक कर्तव्य आहे, आणि वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव ह्यांचे रक्षण करावे हे त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य आहे. विद्यार्थी मित्रांनो, ही कर्तव्ये तुमच्या पाठ्यपुस्तकांत छापलेली असतात. ती पाठ करून गुण मिळतात; पण ती पाहायची कोठे, हे पुस्तक सांगत नाही. ती पाहायला आपण खानदेशातच निघू.

पांझरेचे फड

असा एक दिवस धुळ्यात घालवायचा ठरला, तर सकाळ पांझरा नदीवर काढावी. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूस उगम पावून ही नदी साक्री आणि धुळे ओलांडते व मुडावद येथे तापीस मिळते. ह्या नदीवर आणि मोसम, आरम, गिरणा ह्या नद्यांवर जुन्या काळापासून एक अजब व्यवस्था चालत आली आहे. तिला फड पद्धत म्हणतात. तिचे वय तीनशे-चारशे वर्षांचे सांगितले जाते.

तिची रचना अशी. नदीच्या पात्रात दगडाचा बंधारा घालून पाणी थोडे वर चढवायचे. तेथून पाट काढायचा. पाण्याला उताराने आपले आपण वाहू द्यायचे. मोट नाही, पंप नाही. पाटाखाली भिजणारी सगळी जमीन काही मोठ्या भागांत विभागायची. ह्या प्रत्येक भागाला फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू, कोणता कोरडा ठेवायचा, हे नदीचे पाणी पाहून शेतकरी मिळून ठरवीत. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असल्यामुळे पाणी कमी पडले तर तोटा एकट्यादुकट्याच्या वाट्याला न येता सर्वांत वाटला जाई. पाणी देण्यासाठी पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, अशी माणसे गाव नेमत असे, आणि त्यांचा मोबदला पिकातून दिला जाई.

माझ्या दृष्टीने ह्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी पाटातील गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी करणे हे काम लाभ घेणारे शेतकरी स्वतः मिळून करीत. ज्याला पाणी हवे त्याने हात लावायचा, असा तो साधा कायदा होता. शिबिरात आपण ज्याला श्रमदान म्हणतो ते येथे दरवर्षी, न चुकता होत होते. फरक इतकाच की त्याला कोणी दान म्हणत नव्हते. ते देणे होते.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांचे नाव आपण सर्व जाणतो. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता म्हणून ते रुजू झाले आणि त्यांना खानदेशात पाठविण्यात आले. पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांनी येथे केले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ठरावीक क्षेत्रात ठरावीक पिके घेण्याची ब्लॉक पद्धत आणली. तिचे फडांशी असलेले साम्य कोणाच्याही लक्षात येईल.

ही फड पद्धत आज पूर्वीसारखी राहिलेली नाही. नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, शेतोशेती विहिरी खोदल्या गेल्या, विजेचे पंप आले, आणि ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या विहिरीत गेले. त्यात लोकांचा फायदाही झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु पाणी वाटून घेण्याची जी सवय होती ती सुटत चालली. जुने पाटकरी थकले, गेले. बंधाऱ्याचे दगड अजून नदीत दिसतील. पण ते कसे चालत होते हे सांगणारा माणूस काही वर्षांनी सापडणार नाही.

लळिंग आणि थाळनेर

दुपारी शिबिराने लळिंगच्या गडाकडे वळावे. धुळ्याच्या दक्षिणेस आठ-दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच हा गड आहे. पायथ्याच्या गावात हेमाडपंती धाटणीचे जुने मंदिर आहे, वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि भोवती लळिंगचे कुरण आहे. ह्याच कुरणातील लांडोर बंगल्यावर १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मुक्काम केला होता आणि त्याच्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे मोठी गर्दी लोटते. एकाच डोंगराभोवती इतके निरनिराळे काळ भेटतात. गड चढून गेलेल्या पाहुण्याला टाकी दाखवावीत आणि सांगावे, की डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी साठविल्याशिवाय ह्या गडावर कोणालाही राज्य करता आले नसते.

लळिंगचे नाव फारुकी घराण्याशी जोडलेले आहे. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली मलिक राजा ह्याला थाळनेरचा मुलूख जहागीर दिला. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे वागू लागला आणि खानदेशच्या सुलतानांचे घराणे सुरू झाले. ते १६०१ साली अकबराने असीरगड घेईपर्यंत टिकले. मलिक राजाचा मुलगा नासिर खान ह्याने तापीच्या काठी बऱ्हाणपूर वसविले. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब ह्यांच्या नावावरून ते नाव पडले. हाच नासिर खान १४३७ साली बहामनी फौजेकडून पराभूत होऊन लळिंगच्या आश्रयाला आला आणि त्याच वर्षी मरण पावला. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर येथे फारुकी राज्यकर्त्यांच्या कबरी व त्यांवरील घुमट आजही उभे आहेत.

येथे मला आपल्या समाजातील विद्यार्थ्यांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. फारुकी हे आपले पूर्वज होते म्हणून त्यांचा अभिमान बाळगा, असे मी म्हणणार नाही. ते राजे होते आणि राजांसारखेच वागले. नासिर खानाने असीरगड आसा अहिराकडून कपटाने घेतला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. परदेशी पाहुण्याला घुमटाची नक्षी दाखविताना ही हकीकतही सांगितली पाहिजे. जो आपल्या भागाचा इतिहास गाळून सांगतो, त्याच्या उरलेल्या इतिहासावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. उलट, फारुकी म्हणजे परके, त्यांच्याशी खानदेशचा काय संबंध, असे कोणी म्हटले तर त्यालाही शांतपणे सांगता आले पाहिजे की दोनशे वर्षांहून अधिक काळ ह्याच मातीत त्यांनी राज्य केले, आणि त्यांच्या राज्यात राबणारा कारागीर, शेतकरी, कारकून हा येथलाच होता. दोन्ही बाजूंना हे बोलता यावे ह्यासाठी आधी माहिती हवी.

पाटणादेवी, फैजी आणि बऱ्हाणपूर

जळगाव जिल्ह्यात असा दिवस घालवायचा तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीसारखी दुसरी जागा नाही. सातमाळ्याच्या कुशीत, गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या जंगलात हे जुने मंदिर आहे. १९८६ साली हे अभयारण्य घोषित झाले. 'औट्रम' हे नाव खानदेशात १८२५ साली भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्याचे. जवळच पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी आहेत. जंगल, मंदिर, लेणी आणि भिल्लांचा इतिहास एका दिवसाच्या पायपिटीत येतात.

पाटणच्या ह्या मंदिरातील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी ह्यांनी उजेडात आणला. गणिती भास्कराचार्य ह्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी येथे मठ स्थापन केला आणि १२०७ साली निकुंभ राजांनी त्यास देणगी दिली, असे त्या लेखात आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा होती. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो.

पण गोष्ट येथे थांबत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ह्या ग्रंथाचे फारसी भाषांतर १५८७ साली अकबराच्या दरबारातील कवी फैजी ह्याने केले. हाच फैजी १५९१ साली अकबराचा वकील म्हणून खानदेशचा राजा अली खान फारुकी ह्याच्याकडे आला होता. ज्या प्रदेशात भास्कराचार्यांची विद्या जपली गेली, त्याच प्रदेशात त्यांच्या ग्रंथाचा फारसी भाषांतरकार काही वर्षांनी राजदूत होऊन पोहोचला. आणि ह्या राजा अली खानाने बऱ्हाणपुरात जी जामा मशीद बांधली, तिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. संमिश्र संस्कृती हे शब्द घटनेत नंतर आले. दगडात ते आधीच लिहिलेले होते.

रावेरच्या पुढे राज्याची सीमा ओलांडली की बऱ्हाणपूर लागते. आज ते मध्य प्रदेशात असले तरी जुन्या खानदेशची ती राजधानी. तेथे १६१५ साली अब्दुल रहीम खानखानान ह्याच्या कारकिर्दीत, तबकुतुल अर्ज ह्या इराणी जाणकाराच्या योजनेप्रमाणे, कुंडी भंडारा ही पाण्याची व्यवस्था उभी राहिली. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपते. ते वाटेत अडवून, शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्या भुयाराने एकमेकींस जोडून, उताराने शहरात आणले. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या भारताच्या यादीत तिचा समावेश झाला. परंतु भुयारात क्षार साचतात आणि सभोवार कूपनलिका खोदल्या की झरा आटतो. यादीत नाव आले म्हणून पाणी येत नाही. डोंगरावरची झाडे आणि जमिनीतले पाणी राखले तरच येते. झाड आणि घुमट एकाच दिवशी का, ह्या प्रश्नाचे उत्तर कुंडी भंडाऱ्याच्या काठावर आपोआप मिळते.

आपण काय करावे?

पाहुणा शिबिरार्थी एक प्रश्न हमखास विचारतो: 'तुमच्या गावातील लोक ह्याची निगा कशी राखतात?' ह्याचे खरे उत्तर देता यावे म्हणून पाहुण्यांची वाट न पाहता आपल्या शाळांनी वर्षातून एक दिवस हा उपक्रम स्वतः करावा, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात.

प्रत्येक शाळेने जवळची एकच जागा निवडावी. जुनी विहीर, बारव, बंधारा, कबरस्तानातील लेख, तळे, काहीही चालेल. ती जागा कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावे आणि पुरातत्त्व खाते, ग्रामपंचायत किंवा विश्वस्त ह्यांची रीतसर परवानगी घ्यावी.

उत्साहाच्या भरात दगडाला चुना, रंग किंवा सिमेंट लावू नये. कोरलेल्या अक्षरांवर खडू फिरवू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. आपण स्वच्छ केले असे आपल्याला वाटते आणि पाचशे वर्षांचे अक्षर एका सकाळीत पुसट होते. कचरा उचलणे, प्लास्टिक वेचणे, पायवाटेवरचे गवत काढणे, ही कामे पुरेशी आहेत.

झाडे लावावीत, पण भिंतीला लागून लावू नयेत. पिंपळ आणि वडाची मुळे चिरे फोडतात. कडुनिंब, करंज, चिंच अशी आपल्या मातीतील झाडे इमारतीपासून दूर, पावसाच्या सुरुवातीला लावावीत. आणि किमान दोन उन्हाळे त्यांना पाणी कोण घालणार, हे मुलांची नावे लिहून ठरवावे. नावे ठरली नसतील तर खड्डा खणू नये.

शिवाय एक वही ठेवावी. जागेची मापे, आकृती, तारीख, आणि गावातील वृद्ध माणसांनी सांगितलेली माहिती तिच्यात लिहावी. पाटकरी अहिराणीत बोलले तर अहिराणीतच लिहावी. धुळ्यात १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ पाहावे, म्हणजे वहीची किंमत कळेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरून कागद गोळा करीत राहिले आणि १९२६ साली धुळ्यातच निवर्तले. लोकांच्या माळ्यावर पडलेल्या दप्तरांतून त्यांनी इतिहास उभा केला.

ह्या ठिकाणी आपल्या मुलांना एक खास संधी आहे. खानदेशातील जुन्या कबरी, मशिदी आणि सनदा ह्यांवरील मजकूर अरबी-फारसीत असतो आणि तो वाचणारी माणसे थोडी आहेत. आपल्या पुष्कळ मुलामुलींना उर्दूमुळे ही लिपी लहानपणापासून ओळखीची असते. त्यांतील चार जणांनी फारसीचा पुढे अभ्यास केला, चार जणांनी मोडी शिकून घेतली, तर खानदेशच्या इतिहासाची बंद असलेली कित्येक पाने उघडतील. हे काम मुलींना तर फारच चांगले साधेल. त्यासाठी त्यांना शिबिराला, गडावर आणि दप्तरखान्यात जाऊ दिले पाहिजे. पालकहो, सोबत शिक्षिका असतील, वेळ ठरलेली असेल, तर मुलीला नाही म्हणू नका. त्या दिवशी तिचा अभ्यास बुडत नाही. भूगोल, इतिहास, गणित आणि नागरिकशास्त्र हे चारही विषय तिला एका जागी भेटतात.

शेवटी इतकेच सांगावेसे वाटते. वारसा कोणाचा, ह्यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. फड पद्धतीने ह्या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लावून ठेवला आहे. ज्याने पाटातला गाळ काढला, त्याचा पाण्यावर हक्क. लळिंगच्या टाक्याला, पाटणच्या शिलालेखाला, थाळनेरच्या घुमटाला हाच नियम लावावा. जो त्यांची निगा राखील, त्यांचा तो वारस, मग तो कोणत्याही घरात जन्मलेला असो. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील अशी एक जागा शोधा, आणि मुलांबरोबर पालकांनीही एक सकाळ तेथे हात लावायला यावे, ही नम्र विनंती.